देवळाच्या पायरीवरून गेलेले बूट

सोम. ३ फेब्रु.
दादाचे बूट काढले, पॉलिश केली. जहाजावर असताना इटलीत घेतलेले, तिथल्या कुणा नावाजलेल्या डिझायनरचे. इतकी वर्षं झाली, चामडं अजून मऊ. काळे, साधे, ना बक्कल ना नक्षी, फक्त नाड्या. डावी नाडी तुटली तेव्हा दादाने मासे धरायच्या जाळ्याचा हिरवा दोरा ओवला, तो तसाच ठेवलाय. जाण्याआधी म्हणाला होता, "मयूच्या लग्नाक माजे बूट तूच घाल." लेकीचं लग्न बघायला तो नाही. १२ ला त्याच्या जागी मी. पायांना सवय व्हावी म्हणून आत्तापासून घालतोय.
सौ. म्हणते, "शाळेचे बूट कित्याक काडलात?" डोकं फिरलं.

मंगळ. ४
जत्रेला घालून गेलो. गाढवपणा. पायरीखाली काढले, पाया पडून आलो तर नाहीत. अनवाणी घरी. देवाच्या दारात, लाज कशी वाटत नाही मेल्याला.

गुरु. ६
कुणाला काही पडलेली नाही. मच्छी मार्केटात मासेवाला बाबल्या हसतो, "शाळेचेच मा? कसालच्या बाजारात दुसरे गावतले." तिथेच दोन शब्द सुनावले. बांगडे घ्यायचे राहिले.

रवि. ९
देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्या अण्णांकडे गेलो. "बुटांसाठी गाऱ्हाणा? लोक हसतले." म्हटलं, हसूदेत. देवापुढे नारळ ठेवला, अण्णांनी सुरुवात केली.
"ज्येणा कोणी नेले, तेका बुद्धी दी रे महाराजा."
जमलेले सगळे हात जोडून, "व्हय महाराजा."
मी एकेकाचं तोंड बघत होतो. चोर त्यातच असणार, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडला असणार. पाय बघून उपयोग नाही, देवळात सगळेच अनवाणी.

मंगळ. ११
बूट नाहीतच. सौ. म्हणाली, "कन्यादानाक अनवाणीच बसतत मा?" बरोबर आहे. म्हणूनच जास्त राग आला. मयूला सांगितलं. ऐकून आत निघून गेली.

बुध. १२
लग्न झालं. कन्यादानाला बसलो, मयूचा हात माझ्या हातात, भटजी पाणी सोडतायत. मांडवाच्या दाराकडे नजर गेली. चपलांच्या ढिगात काळे बूट, डाव्याला हिरवा दोरा. मेला आमच्याच घरी जेवायला आलेला, तेही दादाचे बूट घालून.
उठणार होतो. मयूने हात घट्ट धरला. तिनेही बघितले होते. हळूच म्हणाली, "रवांदेत, काका. बाबांचे बूट इले."
विधी आटपून धावलो तोवर जागा मोकळी. शोधून काढणार आहे, सोडणार नाही त्याला.
पण बूट लग्नाला आले होते.