उंबऱ्याबाहेरचं पान

१४ जानेवारी २०१८, सरावली

दक्षे, हे वाचशील आणि चूल पेटेपर्यंत विसरशील. स्वतःच्या हळदीला हळद वाटायची विसरलेली लेक तू माझी! म्हणून नुसतं बोलून सोडत नाही, नातसुनेकडून वहीत लिहवून घेते. निलम एवढी शिकली, तिचा हात कामाला येऊ दे. वही लाहू जीपवाला तुला उधव्याला आणून देईल.

तर पोहोचलो. तुझ्या भाच्याला, मिथुनला, पलटणीतून काढलं म्हणून गावात काय काय बोलत होते. आता येऊन बघा म्हणावं. त्याच्या पलटणीतल्या जुन्या साहेबांनी स्वतःच्या चिकूच्या वाडीत राखणीचं काम दिलं, वर पक्कं घर. पंखासुद्धा आहे. खाली बसले की माझा पदर उडतो आणि निलम हसते.

दुपारी नव्या घरातलं पहिलं जेवण. उंबऱ्याबाहेर मेलेल्यांचं पान वाढलं, भात आणि सुके बोंबील. एकेकाचं नाव घेऊन बोलवायचं असतं, पण मला भूक लागलेली, आणि आपले मेलेले काय थोडे आहेत! म्हटलं, मिथुनवर ज्यांचा ज्यांचा हक्क आहे ते सगळे या. आणि जेवायला बसले.

१५ जानेवारी

पानावरचा भात संपला, बोंबील तसेच. तुझा बाप बोंबील सोडून उठला असं जिवंतपणी कधी झालं नाही. निलम म्हणते, मांजर असेल. भात खाऊन बोंबील सोडणारं मांजर? शिकलेल्यांचं असेल.

१९ जानेवारी

मी पान वाढायचं थांबवलं, तरी भर दुपारी टोपातला भात कमी होतो.

आज मिथुनचा घास तोंडाशी थांबला. दाराकडे बघत म्हणाला, आजी, त्यांना तू बोलावलंस का? कोणाला, म्हटलं. तेव्हा बोलला. दूरच्या डोंगरात एका झोपडीवर त्याने गोळ्या झाडल्या. आत तीन माणसं होती, बंदूकवाली वाटली, नव्हती. हुकूम साहेबांचा. मागून पलटणीने ठरवलं, चूक एकट्या शिपायाची. साहेबांनी सांगितलं, तू गुमान सही कर, मी तुला उघड्यावर टाकणार नाही.

हे घर म्हणजे त्या सहीचं मोल. आणि मी पंख्याखाली बसून त्या माणसाला आशीर्वाद देत होते.

२१ जानेवारी

पान वाढून साहेबांच्या बंगल्यावर नेलं, त्यांच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं. म्हटलं, बाबांनो, हुकूम देणारा इथे राहतो. हात माझ्या नातवाचा होता, नाही म्हणत नाही. पण अर्धं याच्याकडेही मागा.

संध्याकाळी साहेब स्वतः आले, पान हातात घेऊन. शिवी नाही, काही नाही. हसून म्हणाले, आजी, हे तुमच्या घरचं. मी बंदोबस्त करा म्हटलं होतं, मारा म्हटलं नव्हतं. कागदावर मिथुनचंच नाव आहे. एवढं बोलून पान आमच्या उंबऱ्यावर ठेवलं. आणि तुझा भाचा, दक्षे, ताठ उभा राहून जी साहेब म्हणाला.

मी विचारलं, मग मेलेल्यांनी जायचं कुणाच्या दारात? पलटणीला उंबरा असतो का?

२३ जानेवारी

आत आलेत. दिसत नाहीत, पाट सरकतो. आम्ही उपाशी, टोप रिकामा. मिथुनच वाढत बसलाय. म्हणतो, मलाच ओळखतात, साहेबांना त्यांनी कधी पाहिलंच नाही —

उधव्याला जाऊ म्हटलं. उठत नाही. ते जेवताहेत म्हणतो, मध्येच कसा —

२४ जानेवारी

लिही निलम. रडू नको, लिही.

झोपडीत तीन म्हणाला होता. माझ्याशीही खोटं — या हातांनी वाढवला त्याला — तीन पाट, तीन पानं, आणि सकाळपासून माझी मांडी जड. कोणीतरी आणून ठेवलंय. एवढंसं. भाताचं शीत ओठाला लावलं तर तोंड फिरवतं. मिथुनला विचारलं, हे कोण? — भिंतीकडे तोंड करून —

दक्षे, एवढं विसरू नको. दूध पाठव. शेळीचं, पाणी घालून. वाटी-चमचा नको, कापसाच्या बोळ्यानेच पाजायचं वय आहे, अजून —