चुकलेली तार

बाबा,

मला लढाऊ विमानांवरून काढलं हे कळल्यापासून तुम्ही पोटभर जेवता, असं आई म्हणाली.

जहाजावर उतरताना माझ्या विमानाच्या शेपटीचा आकडा डेकवरच्या, विमान थांबवणाऱ्या तारेत अडकला नाही. चाकं टेकताच इंजिनाला पूर्ण जोर देतात, तो याचसाठी. मी तशीच पुन्हा उडाले, वळून आले आणि तार धरली. हे तुम्हाला फोनवर हसत सांगितलं. अर्धा जन्म त्याच तारा सांभाळलेला माणूस घाबरेल, असं वाटलंच नाही.

तुम्ही तुमच्या जुन्या साहेबांना गळ घातलीत. ते आता आमचे प्रमुख.

"पोरी, बापाचं काळीज आहे. मालवाहू विमानं काय वाईट?"

"सर, माझं काही चुकलं का?"

"छे! तुकडीत तूच सगळ्यात सरस."

दादाला पोहायला शिकवताना तुम्ही सरळ खोल पाण्यात ढकललं होतंत. तेव्हा हे काळीज कुठे होतं?

माझी जागा आमच्या तुकडीतल्या ढब्बूला मिळाली. त्याची तार दोनदा चुकली होती. पण त्याच्या वडिलांची वर कुठेच ओळख नाही. नशीबवान आहे लेकाचा.

तुमची सुखरूप,
छकुली