भरिताच्या दिवशी मी नाही म्हणाले

नाना,

आपलं केळीचं शेत आता शेत राहिलेलं नाही. पिंप्राळ्याच्या पुढे शहर सरकत सरकत आपल्या बांधापर्यंत आलं आणि गेल्या हिवाळ्यात मी सह्या केल्या. केळी उपटल्या, विहीर मुरूम टाकून बुजवली, काळ्या मातीवर चुन्याच्या रेघा मारल्या. शेती करणारं घरात कुणी उरलं नव्हतं, तुम्ही समजून घेतलं असतं, असं मी स्वतःला सांगते. ते खरंही असेल. पण हे पत्र शेताबद्दल नाही, आपल्या सालदाराबद्दल आहे.

शेवटच्या आजारात मी तुमच्या उशाशी बसले होते. तुम्ही म्हणालात, "निंबाखालची झोपडी त्याची. तो आहे तोवर त्याला तिथून उठवायचं नाही." मी हो म्हणाले. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

प्लॉट विकणाऱ्या एजंटाने शेतातच भरीत पार्टी ठेवली. इकडे आता तशी पद्धतच पडली आहे. लोक भरीत खायला येतात आणि जाताना प्लॉट बुक करतात. भाजायला मीच आपल्या सालदाराचं नाव सुचवलं. म्हातारा सकाळपासून कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतो आहे, धुराने गळणारे डोळे बाहीने पुसतो आहे, लाकडी बडगीत वांगी ठेचतो आहे. लहानपणी मी एकदा त्याच्याआधी बडगीत हात घातला, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "धूर त्यानं खाल्लाय, भरीतही आधी तोच खाईल." या वेळी त्याला कुणी जेवलास का म्हणून विचारलं नाही. मीही नाही.

"असं भरीत माझ्या सासूलाही जमत नाही हो!" एक बाई म्हणाली.

"लावू का आईला फोन?" तिचा नवरा म्हणाला. सगळे हसले.

"वहिनी, तो निंबाचा कोपरा घ्या. सावलीत बसून रोज भरीत खा," एजंट म्हणाला.

बाईने म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, तुम्ही कुठे राहता?"

त्याने काजळलेला हात निंबाकडे केला. "आठेच. ती झोपडी मनी शे. नानास्नी देयेल शे."

एजंट माझ्याकडे बघायला लागला. म्हाताराही. "ताई, नाना तुमले बोलनात नही का?"

डायरीत त्या दिवशी मी लिहिलं, 'नीटसं आठवत नाही म्हणाले.' आज ते खोडलं. मी म्हणाले होते, "नाही. नाना मला असं काही बोलले नव्हते."

त्याने वाद घातला नाही. काडीने विस्तव सारखा करत म्हणाला, "इसरी गया व्हतीन नाना. दुखणामा काय काय याद ऱ्हाई?"

तिसऱ्या दिवशी तो गाठोडं घेऊन पारोळ्याला लेकीकडे गेला. तुम्ही त्याला विसरलात, असंच तो समजून आहे. हे पत्र तुम्हाला पाठवता येत नाही. त्याला पाठवता येईल, नातू वाचून दाखवेल. म्हणूनच पाठवणार नाही.

एक राहिलं. त्याने दोष तुमच्यावर घेतला तेव्हा मला हायसं वाटलं, आणि मी आणखी थोडं भरीत वाढून घेतलं.