दुसरा रकाना

प्रिय सिग्रिड,

तुमच्या गावातल्या अंगणांत रोवलेल्या त्या हिरव्या पाट्यांचा फोटो तू पाठवलास, तेव्हापासून तो माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. 'नवी शाळा, कर तेवढाच!' पाटी वाचणाऱ्या प्रत्येकाला एक कोडे पडत असणार. लाखो डॉलरची इमारत उभी राहते आणि घराच्या कराच्या बिलात एका सेंटाचीही भर पडत नाही, हे घडते तरी कसे? तू हा प्रश्न मला विचारला नाहीस, कारण उत्तर तुला ठाऊक आहे. परंतु चौतीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसासमोर कोडे ठेवले की त्याला ते सोडवल्यावाचून राहवत नाही. तेव्हा थोडे सोस. शिवाय या कोड्याच्या आड एक गोष्ट दडलेली आहे, जी मी तुला आजवर सांगितलेली नाही. ती घडली तेव्हा तुझी लिव्ह नुकतीच जन्मली होती, आणि मी फोनवर तिच्या वजनाखेरीज काहीच बोलत नसे.

आपल्या टॅमरॅक व्हॅलीचेच उदाहरण घेऊ. २०१८ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे सार्वमत झाले. शाळेसाठी पासष्ट लाख डॉलरचे रोखे काढायचे, म्हणजे अनोळखी लोकांकडून कर्ज घ्यायचे आणि ते वीस वर्षांत व्याजासह फेडायचे. त्यासाठी दरवर्षी सुमारे चार लाख ऐंशी हजार डॉलर लागणार होते. हे पैसे शाळेच्या हद्दीतील घरे, शेते, दुकाने आणि तळ्याकाठची शिकागोवाल्यांची सुट्टीची घरे यांच्यावर, ज्याच्या त्याच्या मालमत्तेच्या किमतीप्रमाणे विभागले जातात. सगळ्यांची किंमत मिळून चाळीस कोटी. भागाकार कर: हजार डॉलरमागे एक डॉलर वीस सेंट. आपले घर दीड लाखाचे, म्हणून आपल्या वाट्याला वर्षाला एकशे ऐंशी. इतके हे सोपे आणि इतके हे सुंदर आहे! एक गाव एका कागदावर मावते, आणि कोणाच्या खांद्यावर किती भार येतो ते डॉलरपर्यंत सांगता येते.

आता कोड्याचे उत्तर. तू शाळेत असताना नवी व्यायामशाळा बांधली, तिचे कर्ज नेमके त्याच वसंतात फिटणार होते आणि त्याचा हप्ताही जवळजवळ तेवढाच होता. जुना हप्ता संपणार, नवा त्याच्या जागी येऊन बसणार. बिलावरचा आकडा जागचा हलणार नाही. 'कर वाढणार नाही' हे वाक्य अक्षरशः खरे होते, आणि ते वाक्य माझे होते. सार्वमताच्या बाजूने जी समिती नेमली होती, तिचे पत्रक मी लिहिले होते. एकच रकाना: 'आजचा कर' आणि त्याखाली 'होकारानंतरचा कर'. दोन्हीकडे एकच आकडा. मला ते फार देखणे वाटले होते.

त्या हिवाळ्यात शाळेची अवस्था काय होती, हे तुला कळले पाहिजे. १९५७ चा बॉयलर दर आठवड्याला बंद पडे. चौथीची मुले कोट आणि हातमोजे घालून भागाकार शिकत, आणि हातमोज्यात पेन्सिल धरता येत नाही म्हणून मी त्यांना तोंडी गणिते घालत असे. राज्याच्या तपासनिसांनी लिहून दिले होते की आणखी दोन हिवाळ्यांच्या आत दुरुस्ती झाली नाही तर इमारत बंद होईल. मग सहा वर्षांच्या मुलांनी पहाटे बसमध्ये बसून बावीस मैलांवरच्या शाळेत जायचे. गावातून शाळा गेली की मागोमाग काय काय जाते, ते आपण शेजारच्या गावात पाहिले आहे.

शाळा मंडळाची अध्यक्ष तेव्हा आर्डिस ब्रेके होती. तुला ती आठवेल ती रबरी बूट घालून बैठकीला येणारी, साठ गाईंचे दूध काढणारी बाई म्हणून. अग्निशमन केंद्रातल्या लांब टेबलावर मी पत्रकाचा नमुना तिच्यापुढे ठेवला. तिने ते दोनदा वाचले, माझ्या देखण्या वाक्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, "कर वाढणार नाही. कशापेक्षा, लोवेल?" मी म्हणालो, "आजच्यापेक्षा. यात खोटं काय आहे?" "खोटं नाहीच. पण आपण नाही म्हटलं तर पुढच्या डिसेंबरात बिल कमी होणार ना? मग ते कुठे लिहिलंयस?" समितीतले सगळे एकदम बोलू लागले. असे लिहिले तर आपण स्वतःच लोकांना नकार द्यायला शिकवू. आर्डिसने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मी गाय विकते तेव्हा ती किती दूध देते ते सांगते, आणि डाव्या बाजूनं लाथ मारते तेही सांगते. पुढच्या वर्षी मला याच माणसाला दुसरी गाय विकायची असते रे." आणि तिने माझ्याच पेन्सिलीने दुसरा रकाना आखला: 'नकार दिल्यास: दीड लाखाच्या घरामागे वर्षाला एकशे ऐंशी डॉलर कमी.'

व्यायामशाळेत भरलेल्या सभेत तिने दोन्ही रकाने मोठ्याने वाचून दाखवले. डेल्मर झास्ट्रो उठला. तुला तो ठाऊक आहे, चीजच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागून पुढे कारखानाच चालवलेला, टेकडीवरच्या मोठ्या घरात राहणारा आणि प्रत्येक सार्वमताच्या विरोधात उभा राहणारा. "म्हणजे नाही म्हटलं की माझे पैसे वाचतात, हे शाळाच मला सांगतेय! आर्डिस, तू नक्की कुणाच्या बाजूनं गं?" अख्खी सभा हसली. ती शांतपणे म्हणाली, "बेरजेच्या. बस आता खाली, कॉफी गार होतेय तुझी."

आपण नऊ मतांनी हरलो.

मी तिला माफ केले नाही. चर्चच्या तळघरात, सगळ्यांदेखत, हातात केकची बशी धरून मी तिला म्हणालो, "तुझ्या खरेपणाची थंडी आता पोरं सोसतील." तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "हो, सोसतील." एवढेच. गावातही हेच बोलले गेले, की आर्डिसने आपल्याच तोंडाने शाळा बुडवली. वृत्तपत्रात पत्रे आली. तिने एकाही पत्राला उत्तर दिले नाही. मी समितीचा राजीनामा दिला आणि आठ महिने तिच्याशी बोललो नाही.

डिसेंबरात कराची बिले आली. त्या शुक्रवारी गावातल्या खानावळीत, दर शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या जेवणाला, मी एकटाच गेलो होतो. डेल्मर आपली बशी घेऊन माझ्या समोर येऊन बसला. त्याने खिशातून बिल काढले, उलगडले आणि मिठाच्या डबीने दाबून ठेवले. त्याचे घर दोन लाख चाळीस हजारांचे. "आर्डिसच्या दुसऱ्या रकान्याप्रमाणे माझे दोनशे अठ्ठ्याऐंशी कमी व्हायचे होते. झाले किती? दोनशे चौऱ्याऐंशी. बाई चार डॉलरनं चुकली! मी तिला सांगितलं, एवढ्याची कॉफी पाज." मग त्याने कोटाच्या आतल्या खिशातून घड्या घातलेले दोन कागद काढून माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. एकात दोन रकाने होते. दुसऱ्यात एकच.

सिग्रिड, आता ती गोष्ट. पत्रकाच्या जुन्या नमुन्याच्या साठ प्रती मी आधीच छापून घेतल्या होत्या. आर्डिसने दुसरा रकाना आखल्यावर त्या जाळायला हव्या होत्या. त्याऐवजी टेकडीवरच्या रस्त्याला, जिथे नकाराची मते जास्त होती, त्या मी मतदानाच्या आदल्या शनिवारी दारोदार ठेवून आलो. मला वाटले, मी शाळा वाचवतो आहे.

डेल्मर म्हणाला, "आमच्या रस्त्यावर सगळ्यांकडे ही दोन्ही होती. दोन रकान्यांनी आम्हाला घाबरवलं नव्हतं रे. आम्हाला घाबरवलं दोन पत्रकांनी. माणसं म्हणाली, शाळा एका हातानं सांगते आणि दुसऱ्या हातानं लपवते. माझी बायको हो म्हणणार होती. हे बघितल्यावर नाही म्हणाली. शेजारचे दोघंही." मी विचारले, हे माझे आहे हे तुला कसे कळले. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. नमुन्यावर मतदानाची तारीख चुकून चार एप्रिल छापली गेली होती, आणि मी साठच्या साठ प्रतींवर ती खोडून तीन केली होती. लाल शाईने. "माझ्या तिन्ही पोरांच्या वह्या तू याच शाईनं रंगवल्यास, मास्तर. मला विचारतोस कसं कळलं?"

मी मासे तसेच टाकून थेट ब्रेक्यांच्या गोठ्यात गेलो. संध्याकाळचे दूध काढणे चालू होते. मी सगळे कबूल केले, क्रमाने, जसे विद्यार्थ्याला पायऱ्या मांडायला सांगतो तसे. तिने मध्येच थांबवले. "ठाऊक आहे. डेल्मरनं मतदानाआधीच दाखवलं होतं मला." मग तू गावाला का सांगितले नाहीस, मी विचारले. नऊ मते तुझ्या माथी का घेतलीस? ती गाईच्या पलीकडून म्हणाली, "मग पोरांना भागाकार कुणी शिकवला असता, मी? टोपी घाल, गारठशील. आणि ती बादली दे इकडे." त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर उपकाराची छटाही नव्हती. मी आयुष्यात पुष्कळ सिद्धता पाहिल्या, परंतु त्या बाईसारखी स्वच्छ एकही पाहिलेली नाही.

पुढच्या सभेत मी उठून तीच कबुली सर्वांपुढे दिली. आता जुना हप्ता उरला नव्हता, इमारतीचा खर्च वाढून अडुसष्ट लाख झाला होता, आणि हजारामागे सव्वा डॉलर कर खरोखरच चढणार होता. 'तेवढाच' हा शब्द आता कुणालाही वापरता येणार नव्हता. आर्डिसने दोन्ही रकाने वाचले. डेल्मर उठला. "मी अजूनही विरोधातच आहे, घाबरू नका. पण ही बाई गेल्या वर्षी चार डॉलरनं चुकली. इतकं कमी चुकणारं माणूस मला कारखान्यात तीस वर्षांत मिळालं नाही. आकडे पुन्हा तपासत बसू नका, मत द्या आणि घरी जा." कर वाढणार नव्हता तेव्हा ज्या गावाने नकार दिला होता, त्याच गावाने तो वाढणार असताना एकशे एकाहत्तर मतांनी होकार दिला. यंदा चौथीच्या वर्गात एकही मूल कोट घालून बसलेले नाही.

रविवारी मी फोनवर त्या दोन नमुन्यांचा नुसता उल्लेख केला, तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, तुझं ते जुनं पत्रक पाठव ना, एकाच रकान्याचं. दुसरा रकाना बघून लोक उगाच बिचकतील." तुमचेही जुने कर्ज यंदाच फिटते आहे, आणि लिव्हची शाळा या मतदानावर अवलंबून आहे, हे मला कळते. म्हणून दोन्ही पत्रके सोबत पाठवतो आहे, डेल्मरने माझ्याकडे ठेवलेले लाल शाईचेही. तो कागद मी कबुलीनंतरही कुणालाच दाखवला नाही, तुझ्या आईलाही नाही. कोणते छापायचे ते तू ठरव, परंतु छापण्याआधी एक साधी चाचणी करून पाहा. तुझ्या रस्त्यावर नकार देणारच असा एक माणूस असेल. पत्रक सर्वांत आधी त्याच्या हातात दे, 'कर वाढणार नाही' या वाक्यावर बोट ठेव आणि त्यालाच विचारू दे: कशापेक्षा? उत्तर कागदावर सापडले तर छाप. ते तुला तोंडाने सांगावे लागले, तर अजून छापू नकोस.

तुझाच,
बाबा