आत्याला ओळखू येऊ नये म्हणून

ता. ९, मंगळवार, सकाळ

ताई,

नमस्कार. दाजींनाही सांग. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे ओरडताहेत. या घरातून आवाज यायचा बंद झाला तरच काळजी करायची, एरवी नाही.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसलो की नेमकं गिऱ्हाईक येतं, असं मी हिला सांगत होतो. आज दुकानाची सुट्टी, तेव्हा तेही निमित्त संपलं. ही सकाळच्या पाळीला हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत गेली. जाताना चपला घालता घालता म्हणाली, "आज लिहाच. हो तर हो, नाही तर नाही. पण ताईंना असं ताटकळत ठेवू नका." मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" तर म्हणाली, "मला काय वाटतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही मुनीला विचारलंत का?" आणि गेली. म्हणून सलूनच्या खुर्चीतच बसून लिहितोय. समोर आरसा आहे. त्यात माझं तोंड दिसतंय आणि ते काही फारसं बघण्यासारखं नाहीये.

तू मागितलंस ते सरळ आहे. मुनीला आमच्याकडे राहायला द्या, कायमचा, आमचाच म्हणून. तुमच्याकडे चौघं आहेत, आमच्या घरात कुणी नाही. एवढं एका ओळीत लिहिलंस आणि पुढे दोन पानं दाजींच्या गुडघ्यांबद्दल. मीही तुझाच भाऊ. उत्तर देतो, पण आधी थोडं घरचं सांगू दे.

शाळांना सुट्ट्या लागल्यात, त्यामुळे चौघंही दिवसभर माझ्याच अंगावर. सकाळी न्हाणीघराच्या दाराशी रांग लागते. रांग लावते बाईसाहेब. आमची थोरली आता दहा वर्षांची झाली आणि हे घर आपणच चालवतो अशी तिची पक्की समजूत आहे. कुणी किती वेळ आत राहायचं हे ती बाहेरून ओरडून ठरवते. तिची वेणी आता कमरेच्या खाली गेलीय. बाप सलूनवाला, पण त्या वेणीला हात लावायची टाप नाही. नुसती टोकं सारखी करायची म्हटली तरी आधी तासभर वाटाघाटी.

तिच्या पाठचा भोंगा. त्याचं तोंड झोपेतही बंद नसतं. दात घासताना गातो, फेस आरशावर उडतो, आणि मग तोच आरसा पुसून आपले कुरळे केस पाण्याने बसवत उभा राहतो. गिऱ्हाइकं म्हणतात, "काय झकास कुरळे आहेत रे तुझे!" की झालं, त्या दिवशी स्वारी जमिनीवर नसते. धाकटं लिंबू तीन वर्षांचं. खेळात तिला अजून कुणी धरत नाही म्हणून तिचं नाव लिंबू, पण माज बघावा. बूट उलटे घालते, आणि सरळ करायला गेलं तर असं भोकाड पसरते की समोरचा टायरवाला काम टाकून बघायला येतो.

आणि मुनी. तो सहा वर्षांचा, पण सगळ्यांच्या आधी आवरून पायरीवर बसलेला असतो. बुटांच्या नाड्या बांधलेल्या, हात मांडीवर. दुकान उघडलं की बाकाच्या टोकाला बसून माझे हात बघत राहतो. एक शब्द नाही. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, "पोरगं मुकं आहे का हो?" मी म्हटलं, "नाही, ऐकून घेतंय."

आमच्या घरात आणखी एक खोड आहे, ती माझ्यामुळेच लागली. मला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, केस लक्षात राहतात. मधला भांग, तेलकट झुलपं, मागे वळवलेले, असंच मी बोलतो. मग पोरंही तशीच बोलायला लागली. "बाबा, टक्कल आले!" म्हणून भोंगा दारातूनच ओरडतो, त्या बिचाऱ्यासमोर. गेल्या आठवड्यात शेजारची इस्त्रीवाली मावशी डोक्याला रुमाल बांधून आली, तर लिंबू तिला विचारते, "तुम्ही कोण?" ज्या बाईच्या कडेवर ती लहानाची मोठी झाली, तिला! मावशी दोन दिवस फुगून बसली होती.

बघ, तुझ्या प्रश्नाला अजून हात लावला नाही.

तू मागे आली होतीस तेव्हाचं मला आठवतंय. मी पोरांना दूध देऊन मोकळा झालो होतो आणि पेपर उघडून बसलो होतो. तू म्हणालीस, "अरे, मुनीचा पेला रिकामाच आहे." मला पत्ताच नव्हता. आणि ते पोर रिकामा पेला धरून शहाण्यासारखं बसलं होतं. तू तुझा चहा निवू दिलास आणि त्याला मांडीवर घेऊन दूध पाजलंस. परत गेल्यावर पत्रात लिहिलंस, "गर्दीत असं मूल हरवतं रे."

ते वाक्य मला लागलं, ताई. खरं वाटलं म्हणून लागलं. जो ओरडतो त्याच्याकडे मी धावतो. जो ओरडत नाही तो नंतर, आणि माझं ते नंतर कधी उजाडतच नाही. तुझ्याकडे त्याला खोली मिळेल, दाजी त्याच्याशी निवांत बोलतील, तू त्याचा पेला कधी रिकामा ठेवणार नाहीस. आणि तू मला वाढवलंस. आई गेल्यावर वाटीभर पाणी घेऊन रोज माझा भांग पाडून शाळेत धाडलंस, स्वतःचं लग्न लांबवलंस. इतक्या वर्षांत तू माझ्याकडे काही मागितलं नाहीस. आता मागतेस तर मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? खोटं कशाला बोलू, माझं मन हो म्हणायलाच आलंय. मुनीला काय विचारायचं? तो कुठे काही बोलतो?

कात्र्यांना धार लावून आणायची आहे, धारवाला दुपारनंतर सापडत नाही. मावशीला पोरांकडे लक्ष ठेवायला सांगून जाऊन येतो. आल्यावर एका ओळीत उत्तर लिहितो आणि पाकीट बंद करतो.

ता. १०, बुधवार, दुपार

ताई, काल परत आलो तेव्हा लिहिण्याच्या अवस्थेत नव्हतो. आता ऐक.

मी कात्र्या घेऊन आलो तर मावशी इस्त्री फिरवत म्हणाली, "गुणाची हो लेकरं तुमची. मघापासून हूं नाही की चूं नाही." आमची पोरं आणि गप्प? मी धावलोच. दार ढकललं. फरशीभर केस. आरशापुढच्या फळीवर बाईसाहेबांची वेणी, टोकाचं रबर तसंच, नीट सरळ ठेवलेली. आणि बाकावर चौघं ओळीने बसलेली, सगळ्यांच्या डोक्यावरून मशीन फिरलेली. लिंबूच्या गळ्यात माझं कापड अजून तसंच, पायात उलटे बूट.

भोंगा टुणकन उठला आणि म्हणाला, "ओळखा!"

"काय ओळखा?"

"कोण कोण आहे ते!"

"भोंग्या, कान उपटून हातात देईन!" मी असा ओरडलो की मावशी इस्त्री सोडून धावत आली.

भोंग्याचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे तुम्ही ओळखलंत?"

बाईसाहेब म्हणाली, "बाबांना ओळखू येणारच रे, ते रोज बघतात. आत्याला नाही येणार. आत्या कधीतरीच येते." रागावू नकोस ताई, तिचं वाक्य जसंच्या तसं लिहितोय.

मला तेव्हा कुठे उलगडलं. तुझं पत्र मी हिला स्वयंपाकघरात वाचून दाखवलं, तेव्हा मुनी टेबलाखाली बसला होता म्हणे. त्याने सगळं ऐकलं होतं. सलूनवाल्याची पोरं ती! माणूस केसांवरून ओळखायचा असतो हे बापाकडून शिकलेली. केस सारखे केले की झालं, मग आत्याला यातला मुनी कोण ते कळणार कसं? एक दहा वर्षांची, एक तीन वर्षांची, उंची कुणाची कुठे नि कुणाची कुठे, पण ते एकाच्याही ध्यानात आलं नाही.

"कुणाच्या डोक्यातून निघालं हे?" मी विचारलं. मला वाटलं बाईसाहेब, दुसरं कोण? तर तिघांनी माना वळवून मुनीकडे बघितलं.

"मी सांगितलं," मुनी म्हणाला.

मी त्याच्यापुढे खाली बसलो. म्हटलं, "अरे, पण का?" तो नेहमीसारखा गप्प राहणार असं मी धरूनच चाललो होतो. पण तो बोलला. हळूच, माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघत. "आत्या चांगली आहे. तिला नाही म्हटलं तर ती रडेल. तिला मी ओळखूच आलो नाही, तर कुणाला नाही म्हणावं लागणार नाही."

ताई, मी तिथेच फरशीवर, त्या केसांत, बसकण मारली. इतके दिवस मी काय करत होतो? तुला न दुखवता नाही कसं म्हणावं, एवढंच तर शोधत होतो. मला ते सापडलं नाही म्हणून मी हो म्हणायला निघालो होतो. आणि त्या पोराने टेबलाखाली बसून ते शोधून काढलं. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. लिंबू माझ्या टकलावर हात फिरवून म्हणाली, "बाबा आधीच सारखे आहेत." मग मावशीही हसत सुटली.

आणि गंमत ऐक. तिघांचे केस कापले कुणी? मुनीने! इतके महिने बाकाच्या टोकाला बसून माझे हात बघत होता ना, ते वाया गेलं नाही. बाईसाहेबांच्या कानामागची रेष बघितलीस तर म्हणशील मीच मारली. मुनीचं डोकं मात्र भोंग्याच्या ताब्यात होतं, ते उंदरांनी कुरतडल्यासारखं झालं होतं. मी खुर्चीच्या हातांवर फळी टाकून चौघांना एकेक करून बसवलं आणि सारखं करून दिलं. बाईसाहेबांना विचारलं, "वेणीचं वाईट नाही वाटलं गं?" म्हणाली, "वाटलं ना. मी आधी रडून घेतलं, मग बसले." आणि लगेच दरडावून, "पण केस वाढतात. तुम्हीच सांगता गिऱ्हाइकांना, बिघडवलेत की."

ही घरी आली. वेणी बघून मट्कन बसली. सगळं ऐकल्यावर मुनीला जवळ ओढलं, त्याच्या डोक्यावर तोंड टेकवलं. मग मला म्हणाली, "विचारलंत शेवटी त्याला?" मी म्हटलं, "त्यानेच सांगितलं." म्हणाली, "मग लिहा आता."

आज सकाळी दूध देताना मी पेपर उघडला नाही, नुसता बघत बसलो. मुनीने पेला संपवला आणि कोपराने भोंग्याला ढोसलं. भोंगा तोंडात बिस्कीट असताना गरजला, "मुनीला अजून दूध!" मुनीला बोलायची गरजच काय? एवढा मोठा भोंगा त्याने फुकट कामाला ठेवलाय. आणि मग मला आठवलं. तू आलीस त्या दिवशी भोंगा तापाने आत झोपलेला होता. ताई, मूल गर्दीत हरवलं नव्हतं. त्याचा आवाज आजारी होता, एवढंच. तरी मी पेपर वाचत होतो ते चुकलंच, ते काही मी झाकत नाही.

तर उत्तर. मुनी आम्ही देणार नाही, ताई. तू पहिल्यांदा काही मागितलंस आणि मी नाही म्हणतोय. पण दुसरं काही मला लिहिता येत नाही. तो एक उचलला तर उरलेले तीन पुरे राहणार नाहीत, हे मी काल फरशीवर बघितलं. तू चिडलीस तर चीड, रडलीस तर तो दोष माझा, त्या पोराचा नाही.

पण ये. दाजींना घेऊन ये, आणि या वेळी दोन दिवसांचं नको. दुकानामागची सामानाची खोली मी रिकामी करतोय, तिथे जिना नाही, दाजींच्या गुडघ्यांना त्रास नाही. बाईसाहेबांवर हुकूम चालवणारं कुणीतरी या घरात हवंच आहे. तू कधीतरीच येतेस असं ती म्हणाली ना, ते खोटं पाडायला ये.

आणि एक मागणं आहे. तू आलीस की चौघं दारात ओळीने उभी राहणार आहेत, त्यांचं तसं ठरलंय. लिंबूला हसायचं नाही असं कालपासून बजावलं जातंय. तू एकेकाच्या तोंडाकडे नीट बघ, डोक्यावरून हात फिरव आणि म्हण, "अगं बाई, यातला मुनी कोण?" आणि ताई, ओळखू नकोस. तो आपणहून तुझ्या मांडीवर येऊन बसेल, मला खात्री आहे. तेव्हाही त्याला "तू कोण?" असं विचारू नकोस. नुसतं बसू दे.

लवकर ये, केस वाढायच्या आत.

वाटीभर पाण्याने तू ज्याचा भांग पाडायचीस तो,
तुझा धाकटा