परक्या कातडीतलं कोकरू

प्रिय मारिसेल,

फोन वाजला की हातातलं काम टाकून धावतो. माझ्या नातवाचा, सिरोचा ताप उतरला का? भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठव. रागावले तर रागावू देत.

तू सांगितलंस ते मी मेंढ्यांमागे फिरताना घोळवत असतो. रक्तातल्या राखणदार पेशी छातीतल्या एका ग्रंथीत शिकतात, आपलं कोण नि परकं कोण. आरएनएचे इवलेसे तुकडे नको तो हुकूम वेळेवर गप्प करतात, तेव्हा कुठे त्या पिकतात. सिरोचा तसला एक तुकडाच बिघडलेला, म्हणून त्याच्या पेशी कच्च्या राहतात. चौथी शिकलेल्याला एवढंच कळलं. जे तू प्रयोगशाळेत उंदरांमध्ये शोधत होतीस, ते आपल्याच घरात निघावं!

कोकरं जन्मायच्या दिवसांत तू माझ्यामागे हिंडायचीस. पोरक्या कोकराच्या अंगावर मेलेल्या कोकराची कातडी चढवली की त्या मेलेल्याची आई त्याला हुंगते आणि पाजते. तू विचारायचीस, "बाबा, तिला फसवता?" तुझी आई हसायची, "तिला सगळं कळतं गं. फक्त निमित्त हवं असतं."

सिरोशी जुळतं का ते तपासायला रक्त द्यायचं, तर मी टाळाटाळ केली. कधी गुडघा, कधी चिखल, कधी चुकलेली बस. तू चिडलीस, "मेंढ्यांना सुया टोचता आणि स्वतःची वेळ आली की पळता!" सुईची भीती नव्हती, पोरी. माझ्या रक्तात तुला काही सापडणार नव्हतं. पण सिरोला हाडातली मज्जा जुळणारं कुणीच नाही म्हणून तू रडलीस, तेव्हा तुझ्या आईच्या, एल्वियाच्या कबरीवर जाऊन तिला दिलेल्या गप्प राहण्याच्या वचनातून सुटका मागितली आणि मेलो गावची बस धरली.

मेलोला ओलेगारिओ राहतो. तो ब्राझीलला कामाला गेला तेव्हा तू तुझ्या आईच्या पोटात होतीस. तिने त्याला कळवलं नाही. मला मात्र लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं.

सगळं ऐकून तो दारातच म्हणाला, "हे सांगायला म्हातारं व्हावं लागलं तुला, निकासिओ?"

मी म्हणालो, "शिव्या नंतर दे. आधी रक्त दे."

त्याने खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. मग आतल्या दोघा मुलांना ओरडला, "बूट घाला रे! मोंतेविदेओला जायचंय."

गुरुवारी तिघेही इस्पितळात येतील. जुळेल की नाही, देव जाणे. अनोळखी माणसं दारात पाहून तू गोंधळशील, म्हणून हे पत्र. फोनवर हे सांगणं मला जमलं नसतं. त्याचे डोळे तुझ्यासारखेच आहेत. त्याला काय हाक मारायची ते तू ठरव. मला काय, तेही. पण सिरोचं काय झालं ते मलाही कळव.

तुझाच,
निकासिओ