वकिलाचा पहिला टेक

हाचिओजी,
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय मिझुसावासान,

सप्रेम नमस्कार. थंडी पडायला लागली. आमच्या दारातली पर्सिमनची फळं पिकल्याचं कावळ्यांना आधी कळतं, मला मागाहून. तुमच्या नागानोत एव्हाना शेगडी पेटली असेल. गुडघा काय म्हणतो? माझं छान चाललंय. स्टुडिओत आता सहा माणसं आहेत, आणि एकेकाळी मासळीबाजारात खोकी उचलणाऱ्या या कुरामोचीला ती चक्क ‘साहेब’ म्हणतात. कान मात्र अजून माझेच लागतात.

वीस वर्षं झाली म्हणून चॅनेल आपली मालिका पुन्हा दाखवणार आहे. आवाज साफ करायचं काम माझ्याकडे आलंय. गेले तीन आठवडे रोज वकील इबुसुकींच्या शिव्या खातोय. काय माणूस उभा केला होतात! भर कोर्टात थर्मासमधलं गरम दूध पिणारा, साक्षीदार रडायला लागला की घड्याळ लावून बसणारा. “न्याय हवाय? तो शेजारच्या दुकानात विचारा. माझ्याकडे फक्त विजय मिळतो!” कागदपत्रं बांधलेल्या जांभळ्या रेशमी रुमालाची गाठ तुम्ही सोडायचात, तेव्हा तो सर्रकन येणारा आवाज पकडायला मी माईक मुद्दाम खाली आणायचो. अजून तसाच आहे, ताजा.

सेटवरचा माझा कायदा आठवतो? टेक चालू असताना ज्याने आवाज केला, त्याने सगळ्यांना मशीनमधली डबाबंद गरम कॉफी पाजायची. शिंक असो, पोटाची गुरगुर असो, माफी नाही. तुम्हालाच चारदा दंड झाला होता.

“कुरामोची, तू इबुसुकीपेक्षा नीच आहेस रे!”

“कायदा तो कायदा, वकीलसाहेब. आणि माझी जरा गोड आणा.”

चॅनेलची मुलगी सांगत होती, तुम्ही वीस वर्षांच्या सोहळ्याला यायला नकार दिलात. “त्या मालिकेत मी नुसता ओरडलो,” असं म्हणालात म्हणे. तिला तो विनय वाटला. मला झोंबलं.

शेवटचा भाग घ्या. विमानतळाच्या वाटेवरच्या त्या जुन्या सरकारी इमारतीत आपण कोर्ट उभं केलं होतं. सार्वजनिक स्नानगृह चालवणाऱ्या म्हातारीची बाजू मांडताना, दहा भाग गरजलेला इबुसुकी एकदम हळू बोलायला लागला. संहितेत तसं नव्हतं. “लोक हिच्याकडे अंघोळीला येत नाहीत. घरी बोलायला कुणी नसतं म्हणून येतात. मी... मीसुद्धा येतो.”

आणि मी ओरडलो, “विमान!”

विमानाचा आवाज शिरला की टेक बाद. हेडफोन माझ्या कानांवर, मग शंका कोण घेणार? दुसऱ्या टेकला तुम्ही नेहमीसारखे गरजलात, दिग्दर्शक खूश झाले. शेवटचा प्रसंग संपला म्हणून रीतसर गुच्छ मिळाला, टाळ्या झाल्या. तुम्ही गुच्छ माझ्या केबलच्या पेटीवर ठेवलात आणि हळूच विचारलंत, “मला काही विमान ऐकू आलं नाही. दिग्दर्शकांनी तुला खूण केली ना? माझं रडगाणं नको होतं ना त्यांना?”

“छे हो, विमानच होतं,” मी म्हणालो. केबल गुंडाळत म्हणालो, वर न बघता.

त्यानंतर तुम्ही कॅमेऱ्यापुढे उभे राहिला नाहीत. मीही नवीन वर्षाच्या कार्डापलीकडे कधी काही लिहिलं नाही.

परवा तो टेक सापडला. विमान नाहीच. तुमचं वाक्य संपतं, आणि माईकच्या मागून कुणीतरी नाक ओढतं. ओलं, लांबलचक. तो मी. खूण कुणीच केली नव्हती, मिझुसावासान. मासळीबाजारातून आलेला, सगळ्यांना दंड ठोकणारा माणूस एका नटाचं वाक्य ऐकून रडला, हे चाळीस जणांपुढे कबूल करायची मला लाज वाटली. एवढंच.

ते नाक आता मी असं काढीन की कुणाला पत्ता लागणार नाही. तुमचं वाक्य शाबूत आहे. चॅनेलमधले नवे लोक हाच टेक घालायला तयार आहेत, फक्त तुमच्या संमतीचा शिक्का हवा. कागद सोबत ठेवलाय. शिक्का नाही मारलात तरी सोबतची सीडी एकदा ऐका. तीत माझं नाक तसंच ठेवलंय. इबुसुकींना पुरावा लागतो.

पार्सलात कॉफीचा एक डबा आहे. पोचेपर्यंत गार होईल, गरम पाण्यात ठेवून घ्या. बाकीच्यांचे डबे सोहळ्याच्या दिवशी वाटणार आहे. तेव्हा दंड कशाचा, हे सगळ्यांना सांगावं लागेल. तुम्ही समोर असलात तर सांगता येईल.

वीस वर्षं दंड चुकवलेला,
तुमचा
कुरामोची इसाओ